कपाट बघायला कळंबला

आधीच सांगते, कळंबला मी समुद्र बघायला गेले नव्हते. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता, खाणं, भाडं सगळं ओघात येईलच. वैताग माझा, तो सोबत फुकट.

मी गोखिवऱ्याच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. मुंबईच्या एका ट्रस्टने गणित, भूगोल, भाषा हे विषय चित्रांतून, मातीकामातून शिकवणाऱ्या शिक्षकांना दोन हप्त्यांत मदत द्यायचं ठरवलं. मी अर्ज केला. पहिल्या हप्त्यात रंग, ब्रश, डिंक आला आणि माझ्या पोरांनी रद्दीच्या लगद्यातून अख्खा ठाणे जिल्हा उभा केला. डोंगर काय, खाड्या काय! ज्या पोरांना पुस्तकात वैतरणा सापडत नव्हती ती आता तिच्या काठावरून भांडायला लागली. फक्त नकाशा रंगवायचा राहिला होता.

दुसऱ्या हप्त्याला दोन अटी. सोमवारी ट्रस्टचे साहेब येऊन काम बघणार, आणि त्याआधी त्यांच्या यादीतली एक 'आदर्श' शाळा बघून मुख्याध्यापकांची सही आणायची. आमच्या वाट्याला आली कळंबच्या वाटेवरची एक शाळा. नाव लिहीत नाही, उगाच कोणाची शोभा नको. हप्ता बुडाला तर पुढचं वर्ष पुन्हा खडू, फळा आणि पाठांतर. म्हणून शनिवारी जायचं ठरलं. माझा वर्ग सावंत सर बघणार होते आणि शनिवारच्या शेवटच्या दोन तासांत मुलं नकाशा रंगवणार होती. शुक्रवारी निघताना मी रंग, ब्रश धुऊन पुसून कपाटात नीट ठेवले. उद्या पोरांना सगळं हाताशी हवं ना!

सोबत आमच्या शाळेची फिलोमिना टीचर. ती मूळची नंदाखालची, रस्त्यांची माहीतगार. गोखिवऱ्याहून रिक्षाने वसई स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून निर्मळवरून जाणारी एसटी. ऐकायला सोपं आहे. सकाळी सातची एसटी पावणेआठला आली. कंडक्टर सुट्ट्यांसाठी अडून बसला, तेव्हा रुमाल, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या असा सगळा संसार मांडीवर काढून मी त्याचे सुट्टे शोधले.

"बाई, पर्स आहे की भंगारचं दुकान?" फिलोमिना म्हणाली.

रस्ता मात्र सुरेख. दोन्हीकडे केळी, नारळ, मधेच कौलारू घर आणि अंगणात क्रूस. राग शांत व्हायला लागला तोच एसटी गास गावाच्या अलीकडे बंद पडली. उरलेला रस्ता सहा आसनी रिक्षात आम्ही नऊ जणांनी काढला. तुम्ही जाल तेव्हा नालासोपाऱ्याहून जा, निदान वैतागायला पर्याय तरी असतील.

साडेनऊला शाळेत पोहोचलो. मुख्याध्यापक स्वभावाने भले. खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला आणि लगेच पेन काढलं.

"द्या फॉर्म, सही करतो."

"सर, आधी तास बघायचाय. चित्रातून गणित वगैरे."

"तास कशाला? साहित्य बघा ना. कपाटात आहे सगळं." मग म्हणाले, "किल्ली पाटीलबाईंकडे आहे. त्या ट्रेनिंगला गेल्यात."

मी घड्याळाकडे बघितलं. शनिवारची शाळा, अकराला सुटणार. पाटीलबाईंच्या घरी माणूस गेला, तो परत आला, किल्ली त्यांच्या सासूबाईंकडे, सासूबाई बाजारात. त्यात पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात शेजारच्या वर्गातून बाराच्या पाढ्याचा गजर अखंड चालू होता. अखेर किल्ली आली.

आणि काय सांगू, कपाट होतं मात्र देखणं! थर्माकोलचं धरण, पुठ्ठ्याचे अपूर्णांक, लाकडी घन, मातीची फळं. प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर नंबर. घनांच्या डब्याची सुतळीसुद्धा दुकानातल्यासारखीच बांधलेली. सरांनी अभिमानाने ट्रस्टच्या तपासणीच्या फॉर्ममधला रकाना दाखवला: 'साहित्य सुस्थितीत व कुलूपबंद आहे काय?' त्यांनी प्रत्येक वर्षी 'होय' लिहिलं होतं.

"मुलं कधी वापरतात?" मी विचारलं.

"मोडतात हो! मग तपासणीला काय दाखवायचं?"

दारात एक मुलगी येऊन उभी होती, दोन वेण्या, हातात पाटी. मी तिला विचारलं, तू यातलं काय काय केलंस?

"आमी नाय हात लावत. साहेब येतात तवा काढतात, मंग पुसून ठेवतात." धरणातल्या निळ्या पतंगी कागदाकडे बोट करून तिनं विचारलं, "बाई, ह्या पान्याला हात लावू?"

"लाव," मी म्हणाले.

"अगं ए, फाटेल!" सर ओरडले आणि पोरीनं हात मागे घेतला.

मला इतका संताप आला की चहा गार झाला तरी मी प्यायले नाही. सही घेतली, शिक्का घेतला आणि बाहेर पडले. या कपाटासाठी माणसं पैसे देतात, आम्ही एसटी ढकलत ते बघायला येतो आणि पोरं बाजूला बाराचा पाढा घोकतात!

फिलोमिनानं मला बळेच किनाऱ्यावर नेलं. भरती ओसरत होती, वाळूत होड्या आडव्या पडलेल्या. एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि भात चाळीस रुपयांत, आणि कालवण असं की मी पाच मिनिटं तोंड बंद ठेवलं. पुढे मात्र नंदाखालपर्यंत माझी टकळी चालूच. कुलूप लावणारी ही जमात, यांना शिक्षक कोणी केलं, वगैरे. फिलोमिनाच्या आईनं सुकेळी बांधून दिली. वसईची वाळवलेली केळी, केळीच्याच पानात बांधलेली. घ्याच, आठवडाभर टिकतात. पुडी हातात देत ती हसली, "माझ्या पोरीवर रागवू नको बाय, ती न्हेते तिथे सगळं बंदच असतं."

संध्याकाळी घरी आले तर नवरा दारातच.

"मोबाइल चार्जिंगलाच विसरलीस. सावंत सरांचे चार फोन आले."

मी त्यांना फोन लावला. सर बिचारे हळू आवाजात म्हणाले, "बाई, कपाटाची किल्ली? पोरं तासभर कपाटासमोर मांडी घालून बसली होती. मग मी पाढे घेतले."

पर्स उलटी केली. रुमाल, गोळ्या, किल्ल्या. सकाळी कंडक्टरसमोर याच किल्ल्या मांडीवर घेऊन बसले होते मी. कुलूप लावल्याचंही आठवत नव्हतं. हात सवयीनंच गेला होता. त्या मुख्याध्यापकांना दिवसभर घातलेल्या शिव्या एकेक करून घरी परत आल्या. मला लाज वाटली, अगदी रडू येण्याइतकी.

सोमवारी साहेब अकराला आले तेव्हा ठाणे जिल्हा अर्धा करडा होता आणि अर्धा ओला. एका पोरानं वसईची खाडी थेट सह्याद्रीवर चढवली होती आणि बाकीचे त्याच्याशी भांडत होते. साहेबांनी पँट सांभाळत विचारलं, "पूर्ण झालेलं काही नाही?" मी नाही म्हणाले. ते तपासणीचा फॉर्म ठेवून गेले.

हप्ता अजून आलेला नाही. सुकेळी संपली, पुडीची केळीची पानं पोरांनी नकाशावर जंगल म्हणून चिकटवली. किल्ली आता पोरांच्या उंचीच्या खिळ्याला असते, अर्थात कुलूपच काढून टाकल्यामुळे ती नुसती लटकते. आणि फॉर्ममध्ये 'कुलूपबंद आहे काय?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. खाली कारणासाठी एक ओळ होती. तिथे लिहिलं, 'मुलं वापरत आहेत.'