सिस्टरांच्या मिस्टरांचं दुकान

मागणाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवणारी माणसं मी आयुष्यभर पाहत आलो. देणाऱ्याला परत पाठवणारा माणूस मात्र एकच पाहिला, आणि तो इथे देवासात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यांना नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती, अख्ख्या गल्लीनं तिच्या हातून सुया टोचून घेतलेल्या, म्हणून ती सिस्टर आणि हे सिस्टरांचे मिस्टर. मिस्टर एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे आजोबा नगरकडून मिशनबरोबर इकडे आले, त्यामुळे घरातल्या प्रार्थनेचं मराठी आमच्यापेक्षा सोवळं, आणि ओट्यावर पाऊल पडताच अस्सल माळवी "क्यों भिया" सुरू. स्वभाव असा उदास, की लग्नाची पत्रिका हातात दिली तर आधी मांडव पडणार तर नाही ना, याची चौकशी करतील. आमच्या मुलीच्या लग्नात त्यांनी खरोखरच खांब हलवून पाहिले होते.

दरवर्षी नाताळाच्या आधी चर्चच्या आवारात गरिबांसाठी कपडे गोळा होत आणि टेबलामागे मिस्टर बसत. पाद्रीसाहेब रविवारी उदारपणावर इतकं गोड बोलत, की माणसं सोमवारी गाठोडी घेऊन हजर. आणि मिस्टर तीच गाठोडी सोडून, एकेक कपडा उजेडात धरून, सुस्कारा टाकून पुन्हा बांधून देत. एका साहेबांनी मोठ्या ऐटीत सफारी सूट आणून दिला, त्याची कॉलर कसरीनं खाल्लेली. दुसऱ्या दिवशी मिस्टर तो इस्त्री करून त्यांच्या दारात उभे. "साहेब, हा तुम्हीच घाला. त्या लोकांना आधीच थंडी वाजते." माझीही गत निराळी नव्हती. मी कोपराला भोक पडलेला स्वेटर दिला होता, तो थोड्या दिवसांनी परत आला. धुतलेला, सिस्टरांनी रफू केलेला, नव्या गुंड्या लावलेला. "आता बघा, भिया. आता द्यावासा वाटतो का?" मी तो उलटासुलटा करून पाहिला, आणि खरं सांगतो, मला तो सोडवेना. मिस्टरांनी माझा चेहरा नीट पाहिला, "मग आता देण्यासारखा झाला," म्हणाले आणि काखोटीला मारून घेऊन गेले. तो हिवाळा मी शाल गुंडाळून त्यांना शिव्या देत काढला.

वाटप धारपलीकडे, नालछ्याच्या पुढं एका वस्तीत असे. मी ख्रिस्ती नाही, पण शेजाऱ्याला चुकवणं कुठल्याच धर्मात सोपं नसतं, म्हणून चर्चच्या जीपमध्ये मीही असे. तिथे गेल्यावर रांग नाही, भाषण नाही. मिस्टर दोन झाडांना दोरी बांधून कपडे हँगरला लावत आणि शेजारी स्वतःच्या घरातला आरसा उभा करत. हा आरसा दरवर्षी रजईत गुंडाळून नेला जाई आणि तो वाटेत फुटणार हे ते देवासपासून धारपर्यंत सांगत. लोकांनी दुकानात यावं तसं यायचं, घालून बघायचं, नको असेल तर ठेवून जायचं. एका म्हाताऱ्यानं दोरीवरचे सगळे कोट चढवून पाहिले, तोंड वाकडं केलं आणि काही न घेता निघून गेला. आम्ही चिडलो, मिस्टर त्या दिवसापुरते खुशीत होते. कुणी मोबाइल काढला की म्हणत, "गिऱ्हाइकाचा फोटो काढतात का कधी?" सिस्टर तोवर गिऱ्हाइकांच्या गुंड्या लावून देत आणि नवऱ्याकडे बघून हसत. त्या घरातलं सगळं हसू त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सिस्टर गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे तेराव्याच्या आत देऊन टाकतात, नाहीतर जीव त्यात अडकतो म्हणतात. तेव्हा माझ्या बायकोनं भल्या मनानं जाऊन विचारलं, कपाट आवरून देऊ का? मिस्टरांनी कपाटाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्यात तसं असेल. आमच्यात शेवटच्या दिवशी सगळे कबरीतून उठणार आहेत. तेव्हा डिसेंबर असला तर ती काय घालील?" बायको घरी येऊन आधी हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

यंदा वाटप होणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण नाताळ जवळ आला तसे मिस्टर टेबलामागे येऊन बसले. यंदा त्यांनी एकही गाठोडं परत केलं नाही, आणि तेच बघवेना. फाटकं असो, विटकं असो, नुसते घेत होते. नालछ्याला निघताना मात्र त्यांच्या मांडीवर एक वेगळी पिशवी होती. तीत सिस्टरांचा मरून रंगाचा लोकरी कोट होता, रात्रपाळीला जाताना त्या घालत तो. कपाटातून बाहेर आलेली ती पहिली वस्तू. "बाकीच्यांना देण्याचं शिकवत फिरलो, भिया," ते म्हणाले. "आता स्वतःची पाळी आली." एवढं बोलून त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

त्यांनी तो कोट दोरीच्या अगदी टोकाला, दोन चादरींच्या मागे लावला आणि स्वतः त्याच्यापुढे उभे राहिले. तरीही कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई चादरी बाजूला सारून तिथवर पोचलीच. तिनं मूल खाली ठेवलं, कोट चढवला, आरशासमोर उभी राहिली.

"बाई, यो तो भोत ढीलो हे," मिस्टर म्हणाले. गिऱ्हाइकाला माल नापसंत करायला सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"ढीलो भलो, काका," ती म्हणाली आणि तिनं मुलाला उचलून कोटाच्या आत घेतलं. "छोरो बी मांय आई जायगा."

मुलाचं नुसतं डोकं वर दिसत होतं. मिस्टर दोरीला धरून उभे होते. नाही म्हणायची सोय त्यांनीच त्या दुकानात ठेवली होती, पण ती फक्त घेणाऱ्यासाठी. मग ते पुढे झाले, त्यांनी वरची घट्ट गुंडी लावून दिली आणि म्हणाले, "ले जाओ."

ती कापणी झालेल्या शेतातून, पायवाटेनं निघाली. पाठमोरी, मरून कोटात, जरा एका बाजूला कलून चालणारी. मिस्टर बघत राहिले आणि एकदम त्यांनी हाक मारली. ते सिस्टरांचं नाव होतं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मी ते कधी ऐकलं नव्हतं, म्हणून कळायला क्षणभर वेळ लागला. बाई वळली नाही. तिचं नाव दुसरंच असणार.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं वळली नाही," मिस्टर म्हणाले. "वळली असती, तर मी कोट परत मागितला असता."

आणि ती वस्तीतल्या घरांआड दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.