कच्चं हाड

प्लास्टरखोलीतल्या ताईंनी आजवर किती हातपाय बांधले, त्याला गणती नाही. ओल्या पट्ट्या गुंडाळून त्यांच्या बोटांना कायमच्या चिरा पडल्या होत्या. नवऱ्याने जिन्यावरून घसरून नडगी मोडून घेतली, तेव्हा त्याचंही प्लास्टर त्यांनीच घातलं. घरी आणल्यावर बजावलं, "इतक्यात पाय टेकायचा नाही हं. मोडल्या जागी आधी नुसती कूर्चा धरते. कानाचा वरचा भाग वाकवून बघा, तशी लवचीक. मग त्यात हळूहळू चुना भरतो, तेव्हा कुठे हाड होतं."

एवढं सांगून ताईंनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. माणूस कान चाचपून खाटेवर पडला, तो पडलाच. प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड सांधलेलं दिसलं, डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं. तरी हाका चालूच. पाणी, पेपर, उशी, पंख्याचं बटण. दिवसभर लोकांचे पाय, घरी आलं की हा पाय. ताईंची कंबर हल्ली वाकताना धरायची. आपणही आडवं झालो तर दोघांचं करणार कोण, हा विचार भाजी चिरतानाही पाठ सोडत नव्हता.

त्या दिवशी पिशवी खाली ठेवता ठेवताच त्या म्हणाल्या, "अहो, उठा आता. डॉक्टर म्हणालेत ना?"

"डॉक्टर दोन मिनिटं बघतात. कच्चं असलं तर? तूच म्हणालीस."

"कच्चं होतं तेव्हा मी म्हणाले. आता भार पडल्याशिवाय ते पक्कं व्हायचं नाही. हाडालाही कामाला जुंपावं लागतं. लोळवत ठेवलं की विरळ होतं."

"हे तेव्हा नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी नाचला असतात."

तो हसला. "बरं, चहा टाक. पिऊन बघतो."

ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टुलावर बसल्या. गॅस पेटवला नाही.

"अगं, झाला का?"

"दूध फ्रिजमध्ये आहे," त्या आतूनच म्हणाल्या. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं.

मग खाट करकरली. काठी फरशीवर टेकली, थांबली, पुन्हा टेकली. ताईंचे हात त्याला सावरायला आपसूक पुढे झाले. त्यांनी ते मांडीखाली दाबून ठेवले.

तो दारात येऊन उभा राहिला, घामाघूम, चौकटीला घट्ट धरून.

"पातेलं कुठे असतं?"

ताईंनी हनुवटीने फळी दाखवली आणि डोळे मिटले.