मेनाने बारा जणांना बसवून ठेवलं

स्ट्रॉम्बोली बेटावर डोंगराचं नाव कुणी घेत नाही. नुसतं ‘तो’ म्हणतात, जुन्या बायका नवऱ्याविषयी बोलायच्या तसं. आज तो खोकला, काल तो चिडला होता. दर पंधरा-वीस मिनिटांनी तो घसा साफ करतो, थोडी आग थुंकतो आणि पुन्हा गप्प बसतो. लोकांना त्याची इतकी सवय की कडेवरचं पोरसुद्धा दचकत नाही.

फिलोमेना, म्हणजे काताल्दोच्या खानावळीतली मेना, पस्तीस वर्षं त्याच्याच भरवशावर रांधत आली आहे. खानावळ उतारावर, गच्चीतून थेट आगीचं तोंड दिसेल अशी. लोक तेवढ्यासाठी तासभर धापा टाकत चढून जेवायला येतात. स्वयंपाकघर मागच्या बाजूला. तो गुरगुरला की मेना पास्ता उकळत्या पाण्यात सोडायची, पुन्हा गुरगुरेपर्यंत ताट वाढून तयार. कुणी कच्चा राहिला म्हणालं, तर ती खुशाल त्याच्यावर ढकलायची.

म्हणून त्या दिवशी दुपारी दोनपासून तो बोललाच नाही, हे सगळ्यांत आधी तिच्या ध्यानात आलं. आता सहा वाजत आले होते.

मालक काताल्दो रुमालाने टक्कल पुसत आत आला. “मेना, गच्चीवरचे जर्मन विचारतायत, कधी सुरू होणार म्हणून. मी काय त्याचा मॅनेजर आहे?”

“सांग, आज सुट्टीवर आहे.”

“चेष्टा सुचतेय तुला! गच्ची रिकामी होईल माझी.”

“चेष्टा नाही करत, काताल्दो. चार तास झाले.”

काताल्दोने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि रुमाल खिशात कोंबत बाहेर गेला. त्याला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीही डोंगर असाच चार तास गप्प बसला होता. मेनाचा नवरा साव्हेरिओ वरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात, केपरच्या झुडपांच्या कळ्या लोणच्यासाठी खुडायला गेला होता. मेनाला तेव्हाही ते जाणवलं होतं. पण नुसती शांतता आहे म्हणून कुणाला हाक मारावी, लोक हसतील, असं वाटून ती कणीक मळत राहिली. संध्याकाळी डोंगर एकदम फुटला आणि साव्हेरिओ चौघांच्या खांद्यावर घरी आला. त्या कणकेबद्दल तिने अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

आणि दोघांची पोरगी मोठी होऊन काय झाली? डोंगरावर माणसं नेणारी वाटाडी! मुलखात दुसरं काम नसल्यासारखी.

सव्वासहाला तीच पोरगी, लेटिझिया, दारात उभी राहिली. मागे बोलोन्या शहराचे बारा पाहुणे, डोक्यावर नवी कोरी शिरस्त्राणं. “आई, पाणी दे गं सगळ्यांना. सातच्या आत वरच्या खांबापाशी, बघायच्या जागी पोचायचंय, नंतर वर सोडत नाहीत.”

मेनाने तिला दंडाला धरून चुलीपाशी ओढलं. “आज जाऊ नकोस.”

“का?”

“ऐकू येत नाही तुला? तो गप्प आहे.”

“गप्प असतो कधी कधी. यंत्रं सगळं ठीक सांगतायत, हे बघ.” तिने फोन पुढे केला.

“घाल ती यंत्रं चुलीत. तुझा बाप...”

“आई.” लेटिझियाने फोन खिशात टाकला. “बाबांचं नाव काढून मला अडवू नकोस. पहिल्यांदा एकटीला गट दिलाय. हा चांगला गेला तर पुढचा उन्हाळा पक्का.”

मेनाने तिचा दंड सोडला. मग सगळी लाजलज्जा गुंडाळून ठेवून ती हसतमुखाने बाहेर गेली. “पहिल्यांदा चढताय ना? मग बसा. इथली रीत आहे, पहिल्या खेपेला उपाशी पोटी पाठवत नाहीत.”

रीत होती खरी. पण पावाचा एक तुकडा, वर एक केपर, उभ्या उभ्या तोंडात टाकायचा आणि निघायचं, एवढीच. मेनाने टेबलं जोडली. पाव आला, टोमॅटो आला, आंबटगोड वांगी आली, भरलेले माकूळ आले. ताट रिकामं व्हायच्या आत ती दुसरं पुढे सरकवायची. कान डोंगराकडे होते, आणि तोंडाने चाललं होतं, “घ्या ना, लाजताय काय?”

“मावशी, तुमच्या हाताला चव आहे हो!” एक निवृत्त मास्तर म्हणाले आणि पट्टा सैल करून बसले.

“उठा, निघायला हवं,” लेटिझिया तिसऱ्यांदा म्हणाली. कुणी उठेना. आई मुद्दाम थांबवतेय, हे तिला कळलं होतं. ती आईकडे बघत राहिली, आणि मेना तिची नजर चुकवून रस्सा वाढत राहिली. सात वाजले. सव्वासात.

आणि तो बोलला. नेहमीसारखाच, एक साधा ढुम्मकन आवाज. लाल कारंजं उडालं, खिडक्या थरथरल्या, गच्चीने टाळ्या पिटल्या. वरच्या वाटेवर एक खडासुद्धा हलला नाही. दुसरा एक गट खांबापाशी उभा राहून आनंदाने ओरडत होता, ते खालपर्यंत ऐकू आलं.

“आम्हाला तिथे असायला हवं होतं ना?” मास्तरांनी विचारलं. लेटिझिया त्यांच्यापुढचं रिकामं ताट उचलून आत वळली.

चुलीपाशी आईला गाठून ती हळू आवाजात म्हणाली, “झालं समाधान?”

“पोरी, मला वाटलं...”

“तुला रोजच वाटणार आहे. उद्यापासून मी चर्चकडच्या वाटेने जाईन.”

ती तशीच जाते. त्या वाटेवर खानावळ लागत नाही. फोन केला तर उचलते, “बरी आहे” म्हणते आणि ठेवते. कोणत्या दिवशी वर असते, कधी उतरते, विचारायची सोय उरली नाही.

पूर्वी तो गप्प झाला की मेना धास्तावायची आणि बोलला की सुटायची. आता बोलला तरी हातातला झारा जागच्या जागी थांबतो. परवा संध्याकाळी तो जरा जोरात बोलला, तशी ती ओल्या हातांनी धावत गच्चीवर आली.

“काताल्दो, वर माणसं आहेत?”

“आहेत की. दिवे दिसतायत, दहा-बारा.”

“पुढे कोण आहे?”

“इतक्या लांबून कसं कळणार, मेना?”