उजवीकडचा वरचा कोपरा

पडद्यावर काहीही चालू असो, ऑपरेटरमामांचं लक्ष उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात असायचं. मधे नायक मरत असेल, नायिका हंबरडा फोडत असेल, मामा आपले डोळे मधे ठेवून, कडेच्या नजरेनं कोपरा टिपत बसलेले. विचारलं तर म्हणायचे, "मधलं काय, कुनीबी बघतंय. शिनमा चुकतो त्यो कोपऱ्यात."

ही सवय त्यांना टॉकीजच्या केबिनमध्ये लागली होती. तीसेक वर्षं ते तिथे मशीन चालवत होते. तेव्हा एक चित्रपट बऱ्याच रिळांत यायचा आणि केबिनमध्ये दोन मशिनं शेजारी शेजारी असायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक ठिपका क्षणभर चमकायचा. तो दिसला की मामा बोट वर करून "आली" म्हणायचे, म्हणजे रीळ बदलायची वेळ आली, आणि त्यांचा जोडीदार दुसरं मशीन सुरू करायचा. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर एका मशीनवरून दुसऱ्यावर बदली. खाली बसलेल्या हजार माणसांपैकी एकालाही तो ठिपका दिसायचा नाही. मामांचा एकदाही चुकला नाही, असं ते सांगायचे. मी ते कधी पडताळून पाहिलं नाही, पण त्यांच्याबद्दल ज्या मोजक्या गोष्टींची मला खात्री आहे, त्यांपैकी ही एक.

माझं राजारामपुरीत होम थिएटरचं दुकान आहे. खाली क्लासेसची गर्दी, वर मी. प्रोजेक्टर, पडदे, स्पीकर. आणि आत एक काळी खोली, तिच्यात तीन खुर्च्या. टॉकीज बंद पडलं तेव्हा तिथले जुने स्पीकर बघायला मी गेलो होतो. मोकळ्या हॉलमध्ये एक बारीक अंगाचा, पांढरी टोपी घातलेला माणूस एकटाच बसला होता. मी स्पीकरवर हात फिरवत होतो. तो बसल्या जागेवरून ओरडला, "पावणं, स्पीकर न्हेशीला, पन ह्या भिंती कुठनं न्हेशीला? आवाज भिंतीत हुता!"

मला जरा राग आला. नव्या यंत्रांत काय ताकद असते ते म्हाताऱ्याला दाखवावं, असं मनात आलं आणि मी त्यांना दुकानात बोलावलं. दुसऱ्या दिवशी ते खरंच आले.

त्या सुमारास अवकाशातला एक चित्रपट सगळ्या दुकानांत दाखवायला ठेवला जायचा. बर्फाच्या कड्यांचा ग्रह, लाल वादळं, काचेची शहरं. डोळे दिपून जावेत असाच तो होता. मी तो लावला आणि मामा आता तोंडात बोट घालणार म्हणून त्यांच्याकडे बघत राहिलो. लाल वादळ आलं. मामा म्हणाले, "हे वादळ हाय, का जोतिबाच्या यात्रंतला गुलाल?"

"मामा, रंग बघा ना कसे भरलेत!"

"भरल्यात की. गोणीत भरल्यागत. अरं, गुलालाला बी छटा असत्यात. उन्हात येगळा, मानसाच्या कपाळावर येगळा. तू समदा एकच केलायस." मग पडद्याच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाले, "आनि तुझं काळं काळं न्हाय. राखाडी हाय. पंख्याचा आवाज बी येतोय."

ते गेल्यावर मी दार लावून बसलो आणि पुन्हा बघितलं. प्रत्येक शब्द खरा होता. मी रंग उतरवले, उजेड कमी केला, भिंतींना काळा मांजरपाट लावला, प्रोजेक्टरला आवाज न येणारी पेटी करून घेतली. आठवड्याने त्यांना परत बोलावलं. पाऊण तास बसून ते एवढंच म्हणाले, "चाललं." त्यांच्या तोंडचा कौतुकाचा सगळ्यात मोठा शब्द तोच होता.

तेव्हापासून मामा रोज दुपारी येऊ लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी गडहिंग्लजला दिलेली. शाहूपुरीतल्या एका खोलीत ते एकटे राहायचे. तीन खुर्च्यांपैकी उजवीकडची त्यांची झाली. गिऱ्हाइकांना त्यांची गंमत वाटायची आणि हळूहळू विश्वासही वाटू लागला. "मामांनी पास केलं का?" असं लोक मला फोनवर विचारायचे.

मामा माझ्या धंद्याचं भान ठेवून बोलत असत, असं मात्र मुळीच नाही. एकदा साखर कारखान्यातले एक इंजिनिअर तो अवकाशातला चित्रपट बघून भारावून गेले. "काय पिक्चर आहे हो!" म्हणाले.

मामा म्हणाले, "मशीन चांगलं म्हनजे पिच्चर चांगला व्हय, पावणं? देखना हाय, न्हाय कोन म्हनतंय? पन घरी जेवाय बसल्यावर काय आठवंल ह्यातलं, सांगा बगू."

इंजिनिअर विचारात पडले. "तो… तो ग्रह."

"ग्रहाचं नाव?"

"नाही आठवत."

"त्या पोरीचं, जी मरती?"

"मरते का ती?"

"बघा!" मामा म्हणाले. इंजिनिअर पोट धरून हसले आणि जाताना सगळा संच सांगून गेले.

त्या संपूर्ण चित्रपटात मामांना एकच जागा मान्य होती. मध्यावर कुठेतरी पडदा पूर्ण काळा होतो. आवाजही थांबतो. दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा एक पांढरा कण उमटतो. ते परतीचं यान असतं. ते संथपणे, आवाज न करता, मध्याकडे येत राहतं. साध्या टीव्हीवर काळं राखाडी होतं आणि तो कण बुडून जातो. यंत्र नीट लावलेलं असेल तर समोरची भिंत नाहीशी झाल्यासारखी वाटते. "ह्ये करनाऱ्याला शिनमा कळत हुता," मामा म्हणायचे. "बाकीचं मशिनीनं केलंय."

कण उमटला की मामांचं बोट वर जायचं. "आली."

हीच आमच्या दुकानाची परीक्षा ठरली. मी गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायचो, आता मामांच्या बोटाकडे बघा. त्यांना कण दिसायच्या आत मामांचं बोट वर असायचं. लोक टाळ्या वाजवायचे.

दसऱ्याच्या थोडं आधी, एका दुपारी, ते बोट उशिरा वर गेलं. यान जवळजवळ मधे आलं होतं. शेजारी एक वकील बसले होते. त्यांना कण केव्हाच दिसला होता. मामा अंधारात म्हणाले, "तुझ्या मशीनचा कोपरा मेलाय रं. उजवीकडं वरती काय दिसंना."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो मामा, लेन्स सरकली असणार. बघतो."

सगळे गेल्यावर मी ती जागा पाच-सहा वेळा लावून बघितली. उजव्या खुर्चीत बसून बघितली, एक डोळा झाकून बघितली. कोपरा स्वच्छ होता. बिघाड कुठे आहे ते मला त्याच दुपारी कळलं. एक माणूस सोडला तर हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. विचारणाऱ्यांना मी सांगत आलो, की आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले तेव्हा मी म्हणालो, "लेन्स नीट बसवली, मामा."

"बसवलीस? बरं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं होती. पडदा काळा झाला, आवाज थांबला, कोपऱ्यात कण उमटला. मामांचा हात मांडीवरच होता. मला ठसका लागला. मी खोकलो. मामांचं बोट वर गेलं. "आली."

पहिला खोकला खरा होता. त्यानंतरचे नव्हते.

त्यांचं मन मोडवलं नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. आयुष्यभर नजरेवर जगलेल्या माणसाला तुमची नजर गेली असं कसं सांगायचं? हे कारण खोटं नव्हतं. पण त्याच्या मागे दुसरं कारण उभं होतं. दिवाळी तोंडावर आली होती आणि लोक मामांचं बोट बघायला येत होते. दिवाळी झाली. मग लग्नसराई आली. मी खोकत राहिलो. त्यांना राजारामपुरीतल्याच एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला दहा मिनिटं लागली असती. एकाची तर दुकानाच्या खिडकीतून पाटी दिसायची.

पावसाळा सुरू झाला आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका मोटारसायकलने मामांना पाडलं. चालवणारा पोरगा रडकुंडीला आला होता. "हॉर्न दिला हो, समोरनंच आलो, आजोबांनी बघितलंच न्हाय!" गाडी उजवीकडून आली होती. मामांचं मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांपुढे आडवं बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांचे डोळे कधी तपासलेत?"

मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक तपासणी करतात. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं. नजर मधे ठेवायची. कडेला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. तिथल्या बाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा मामा हसले. "बाई, जल्मभर ह्येच काम केलंय की."

मी मागच्या स्टुलावर बसलो. यंत्र सुरू झालं. बटणाचा आवाज फार कमी वेळा येत होता. मधे बराच वेळ गेला, काहीच नाही. माझा घसा कोरडा पडला होता. दाबून धरला तरी खोकला आलाच. तो खोकला खरा होता, एवढंच मी सांगू शकतो.

मामांनी बटण दाबलं.

"आजोबा, आत्ता ठिपका नव्हता," बाई म्हणाल्या. "घाई करू नका."

निकालाचा कागद आला. दोन गोल, कडेकडून काळे पडत आलेले आणि मधे रुपयाएवढा उजेड. "काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "हा दुखत नाही, कडेकडून खातो. गेलं ते परत येणार नाही. वर्षभर आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं." मी मान हलवली, जणू ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. मी विचारलं, "मामा, तुम्हाला कळत होतं?"

"कान तर शाबूत हायत की माझं," मामा म्हणाले. "तू लेन्स बसवली म्हनलास, तरी कोपरा काय येईना. तवाच कळलं कुठलं मशीन बिघडलंय ते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू म्हनला असतास, मामा, आता घरी बसा. घरी काय हाय? तुझ्याकडं एक खुर्ची तरी हुती." त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "तू का बोलला न्हाईस?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "दिवाळी होती, मामा," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "सीझन हुता. आमचा मालक बी तसाच. मशीन कितीबी खडखडू द्या, सीझनात कवा उघडाय द्यायचा न्हाय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मुलगी त्यांना न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी मामा दुकानात आले आणि म्हणाले, "ती जागा लाव." मी दार लावलं, चित्रपट सुरू केला. पडदा काळा झाला. मी तोंडावर हात घट्ट दाबून बसलो. कोपऱ्यात कण उमटला. मामांचा हात मांडीवर होता. कण सरकत राहिला, मोठा होत राहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. यान मध्यावर आलं, त्यांच्या उरलेल्या उजेडात शिरलं आणि बोट सावकाश वर गेलं.

"आली," ते म्हणाले. "उशिरा आली, पन आली. काळं झ्याक लावलायस."

पुढच्या थंडीत गडहिंग्लजलाच ते वारले. झोपेतच, असं मुलीने फोनवर सांगितलं. मी तो चित्रपट दुकानात लावणं सोडलं आहे. उजवीकडची खुर्ची मात्र हलवली नाही.

पन्नाशी ओलांडल्यामुळे डॉक्टरांनी मलाही वर्षातून एकदा ती तपासणी करायला सांगितली आहे. मी जातो. हनुवटी टेकवतो, मधे बघतो. ठिपके अजून सगळे दिसतात, उजवीकडचे, वरचेसुद्धा. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्यांपैकी कुणीतरी खोकतं. तेवढ्यापुरतं मी बटणावरचं बोट उचलून मामांसारखं वर धरतो आणि काळोखात तसाच बसून राहतो.