आमेन कोणी म्हणायचं

काल शेजारच्या रूथच्या घरी प्रार्थनेला गेले होते. तिचा नवरा शमुवेल कॅन्सरने अंथरुणाला खिळलाय. पाठीला जखमा पडल्यात, कूस बदलली तरी ओरडतो. खाटेभोवती आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं एकेक करून प्रार्थना करत होती. सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी मिटत नाही, मला बघायचं असतं.

एकजण म्हणाले, “हे दयाळू पित्या, तुला ठाऊक आहे, या आमच्या भावाने पूर्वी कितीदा उपासना चुकवली.”

देवाला ठाऊक आहे, तर सांगता कशाला? ते सांगणं आम्हाला होतं. जन्मभर प्रार्थना ऐकत आले. पुष्कळशा देवाच्या नावाने सुरू होतात आणि शेजाऱ्याच्या कानात जाऊन संपतात. मोठमोठे शब्द माणूस अंगावर चांगल्या कपड्यांसारखे घालतो. देवापुढे उघडं उभं राहायची लाज वाटते.

शेवटी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “रूथबाई, तुम्हीही दोन शब्द बोला.”

रूथ उठली नाही. नवऱ्याच्या पायावर हात ठेवून म्हणाली, “देवा, यांना ने आता. यांचं कण्हणं ऐकवत नाही. मी थकले.”

“अगं, असं मागतात का?” माझ्या बाजूची मार्था कुजबुजली.

प्रार्थना संपली की सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं, म्हणजे तसंच होवो. ते म्हटलं तर आपणही त्याचं मरण मागितल्यासारखं होईल, म्हणून सगळे खाली बघत बसले. माझीही जीभ उचलेना.

मग खाटेवरून शमुवेलच म्हणाला, “आमेन.”