मॅडमनी माझ्या हवाली केलेला पेशंट

दुपारचे डबे नुकतेच संपले होते आणि फोन आला... हरसूलकडून येणारी जीप घाटात उलटली, जखमींना इकडेच आणताहेत. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशिकला द्वारकेजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी नवी डॉक्टर होते.

बाजार करून परतणारी माणसं. एकामागून एक स्ट्रेचर येत होती. "माझी नात कुठं हाय?" म्हणत एक आजी प्रत्येकाचं तोंड बघत फिरत होती. आम्ही मोजकेच लोक... आणि आमच्या सर्जन देशमुख मॅडम. आवाज न चढवता त्या एकेकाला काम सांगत होत्या.

एका बाईच्या मांडीतून रक्ताची धार लागलेली. मॅडमनी जखम दोन्ही हातांनी दाबून धरली. तेवढ्यात तिशीतला एक माणूस आणला. ओठ निळे, श्वास लागलेला... बरगड्या मोडून छातीत हवा कोंडली होती. मॅडमनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

"अनघा, छातीत नळी टाक. ताबडतोब."

मी हबकलेच. एकटीने कधी केलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही या ना..."

"मी हात काढला तर ही बाई जाईल. तुला येतं. कर."

आणि चक्क पाठ फिरवली! रागच आला मला. पण केलं... नळी आत गेली, फस्सकन हवा सुटली. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला. "झालं, मॅडम!" मी ओरडले. त्यांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी गर्दी ओसरली. ती बाई वाचली होती, आजीची नातही सापडली. फाइल घेऊन मी बाहेर विचारलं, "नळी टाकलेल्या पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी," मागून मॅडम म्हणाल्या. "धाकटा भाऊ माझा. हरसूलला शिक्षक आहे."

मी गर्रकन वळले. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता... माझा तर थरथरतच होता." एवढं बोलून त्या बाकावर बसल्या आणि ओंजळीत तोंड धरून रडल्या. मी शेजारी जाऊन बसले.

आज माझी स्वतःची टीम आहे. नव्या मुलांच्या हाती अवघड पेशंट देताना माझा जीव वरखाली होतो... तेही पेशंट परका असताना. सख्खा भाऊ माझ्या हवाली करताना मॅडमचं काय झालं असेल, ते मला आत्ता कुठे कळायला लागलंय.