उन्हावरचा पंखा

माझ्या वडिलांनी उभा जन्म बॅटऱ्यांत काढला. नगरला त्यांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं आणि ॲसिडचे शिंतोडे उडून त्यांच्या एकूण एक शर्टाची चाळण झालेली असायची. पण म्हातारपणी त्यांनी हौसेनं मुक्कामाची ट्रॉली बांधली, तिच्यात मात्र बॅटरी बसवली नाही. दोन चाकांवर पत्र्याची खोली, आत दोन माणसं झोपतील एवढी. माझ्या कारला मागून जोडायची. "माणूस झोपतं तिथं बॅटरी नको," बाबा म्हणाले. "तिचा वास मी आयुष्यभर घेतलाय. तुझ्या आईला कशाला?"

"म्हणजे दिव्याखाली अंधार," आई म्हणाली.

आईची अट एकच होती, पंखा. लोडशेडिंगच्या दिवसांत सगळी आळी गच्चीवर तळमळायची आणि आमच्या घरात इन्व्हर्टरवर पंखा फिरत असायचा. बॅटरीवाल्याच्या संसारातलं ते एवढंच सुख, ते तिनं पुरेपूर भोगलं. त्या घरघरीशिवाय तिला झोप म्हणून लागत नाही. थंडीत दोन गोधड्या घेईल, पण पंखा हवाच. "पंखा थांबला की मी परत सावेडीला, आपल्या घरी," तिनं निघण्याआधीच बजावलं होतं.

आणि ही दोघांची पहिलीच सहल होती. दुकान कधी बंद राहिलंच नाही. पहाटे कुणाचा ट्रॅक्टर चालू झाला नाही, कुणाची जीप अडली, की लोक थेट घरी येऊन कडी वाजवायचे. बाबांना हलवून उठवायचं काम आईचं. कुठं जायचं ठरलं की नेमकी कडी वाजायची. आता दुकान देऊन टाकलं होतं आणि बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ही सहल फसली तर दुसरी होणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून खरं सांगायचं तर मी धास्तावले होते.

मुळा धरणाच्या पाण्याकडेला बाबांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं शेत आहे, तिथं आम्ही ट्रॉली लावली. बाबांनी सोलरचं पॅनेल उन्हात टेकवलं आणि त्याची वायर थेट आतल्या पंख्याला जोडली. ट्रकच्या केबिनमध्ये असतो तसला छोटा पंखा. मध्ये साठवण काहीच नाही. ऊन आहे तोवर वारा.

ती दुपार मला अजूनही मी झोपेत पाहिल्यासारखी आठवते. पाण्यावर पडलेलं ऊन उलटून ट्रॉलीच्या छताला लागायचं आणि तिथं हलत राहायचं. एखादा ढग सूर्यावरून गेला की पंखा मंदावायचा आणि आईचं घोरणंही मंदावायचं. ढग सरला की दोन्ही पुन्हा सुरात. लांब पाण्यात म्हशी बसलेल्या, त्यांच्या पाठीवर बगळे. बाबा दाराशी बसून एकदा आभाळाकडे, एकदा आईकडे बघायचे आणि ऊन कलेल तसं पॅनेल हळूहळू सरकवायचे. मी कितीदा डोळे मिटले आणि कितीदा उघडले, ठाऊक नाही. प्रत्येक वेळी तेच दिसायचं आणि बरं वाटायचं.

संध्याकाळी शेतमालक दूध घेऊन आला. विहिरीवरून रात्रीपुरती वायर ओढता येईल का, मी विचारलं.

"आमच्याकडं लाईट दिवसाचीच हाय, ताई. रातच्याला मोटर न्हाई की बल्ब न्हाई. टॅक्टरची बॅटरी देऊ का काढून?"

बाबांनी नकाराची मान हलवली. गाडीच्या बॅटरीवर रात्र काढली तर सकाळी धक्का मारायची वेळ येते, हे तर तेच जन्मभर लोकांना सांगत आले होते. त्यांनी पॅनेलचं तोंड पूर्वेकडे करून ठेवलं. सकाळी ऊन आलं की पंखा आपोआप सुरू होणार होता.

सूर्य डोंगराला टेकला. पंख्याची पाती वेगवेगळी दिसायला लागली आणि मग थांबली. आई उठून बसली. तिनं पिशवी मांडीवर घेतली.

पॅनेलच्या खोक्याचा एक पुठ्ठा बाबांनी फाडला, आईच्या उशाशी बसले आणि वारा घालायला लागले. वर तोंडानं घर्रर्र असा आवाजही काढायला लागले.

"अहो, पुरे. कुणी बघेल."

"इथं बघायला म्हशीच आहेत."

मी आईच्या कानाशी लागले. कारच्या डिकीत मी चोरून एक चार्जिंगचा डबा, म्हणजे बंदिस्त बॅटरीच, आणला होता. त्यावर पंखा रात्रभर चालला असता. तिनं ऐकून घेतलं आणि पिशवी खाली ठेवली. "राहू दे तुझा डबा," म्हणाली, आणि पाय लांब करून आडवी झाली. मी कारमध्ये जाऊन झोपले तोवर घर्रर्र चालूच होतं.

सकाळी उठून आले तर पाण्यावर धुकं होतं. बाबा पाय पोटाशी घेऊन गाढ झोपले होते आणि पुठ्ठा आईच्या हातात होता. ती त्यांना सावकाश वारा घालत होती. तेवढ्यात उन्हाची तिरीप पॅनेलवर आली. पंखा खडखडला, फिरायला लागला. बाबांच्या पापण्या हलल्या.

आई झटकन खाली उतरली. अंगावरची चादर काढून तिनं पॅनेलवर पांघरली, कडा नीट खोचल्या. पंखा थांबला. मी चहाचं विचारायला तोंड उघडलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे," ती कुजबुजली. "आज दुकान बंद आहे."